आंबेदऱ्याची पाहणी

मार्तंड कोल्हारकर बेलापूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवत. अठरा वर्षं त्यांनी छडीच्या टोकाने मुलांना आल्प्सपासून अँडीजपर्यंत फिरवून आणलं होतं आणि स्वतः एका बाजूला नाशिक व दुसऱ्या बाजूला तिसगाव यांच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. नाशिकला ते बी. टी. करायला गेले होते. तिसगाव ही सासुरवाडी होती.

सुट्टीत नातेवाइकांकडे जाऊन लोळणाऱ्या माणसांबद्दल मार्तंडरावांना मनापासून तुच्छता वाटे. तशी ती त्यांना पुष्कळच गोष्टींबद्दल वाटे. गाइडं वाचून शिकवणारे शिक्षक, छत्री बगलेत धरून चालणारे लोक, बशीत ओतून चहा पिणारे मुख्याध्यापक, हे सगळे त्यांच्या तुच्छतेच्या कक्षेत येत. पण दर दिवाळीला त्यांची स्वतःची बायको मुलांना घेऊन आठ दिवस तिसगावला जाई, याचा सल सर्वांत मोठा होता. वर्षातून एवढेच आठ दिवस दमयंतीच्या हातात कोणी आयता चहा आणून देई, हे त्यांच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकात ते नव्हतं.

सत्तर सालच्या दिवाळीत मात्र वेगळंच घडलं. त्याला कारण ड्रॉइंगचे छगन सर. छगन सर मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन आले होते आणि ऑक्टोबर उजाडला तरी शिक्षकांच्या खोलीत त्यांचा तिथला सूर्यास्त चालूच होता.

"सूर्य बेलापुरातही मावळतो," मार्तंडराव एकदा म्हणाले.

"मावळतो हो, पण कोल्हारकर, बघायला वर चढावं लागतं," छगन सर म्हणाले आणि सगळी खोली हसली. मुख्याध्यापकांची तर बशी हिंदकळली.

त्याच संध्याकाळी मार्तंडरावांनी घरी जाहीर केलं की, या वर्षी तिसगाव नाही. या वर्षी कोल्हारकर कुटुंब हवापालटाला जाणार. अकोले तालुक्यात डोंगरात आंबेदऱ्याचं धरण आहे, धरणावर सरकारी बंगला आहे, तिथे दोन दिवस मुक्काम.

दमयंती तांदूळ निवडत होती. तिने हातातला खडा बाजूला टाकला आणि विचारलं, "तिथे स्वयंपाक कोण करणार?"

"तूच. पण निसर्गाच्या सान्निध्यात," मार्तंडराव म्हणाले.

दमयंतीने तांदूळ निवडून संपवले. तिने तिसगावला भावाला कार्ड टाकलं आणि ते टाकताना पेटीवर जरा जोरात हात आपटला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ही बातमी आळीभर झाली आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. समोरचे रंगनाथ पाटील बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाले, "गुर्जी, धरन बघाया येवढ्या लांब कशापायी? आपल्या मळ्यात या की. पाटाला त्येच पानी येतंय. वर बसून बघायचं ते हितं पाय सोडून बघा." मार्तंडरावांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कोणी असता तर पाटात पडला असता. रंगनाथरावांनी मात्र आणखी एक पेंढी सोडली. त्यांच्या घरच्या रतनबाई दमयंतीला सांगून गेल्या की डोंगरात पोरांना बाधतं, तेव्हा जायफळ, सुंठ, वावडिंग आणि घरच्या मातीचं एक ढेकूळ बरोबर असू द्यावं. त्यातलं ढेकूळ सोडून बाकी सगळं दमयंतीने बांधून घेतलं. ढेकूळ सहा वर्षांच्या हेरंबाने स्वतःहून घेतलं.

खरा सल्ला मिळाला तो शेजारच्या दत्तोपंतांचा. दत्तोपंत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि कागद पाहिला की अजूनही त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेन धरल्यासारखी जुळत. मार्तंडरावांचा बंगल्यासाठीचा अर्ज त्यांनी नाकापाशी धरून वाचला.

"मुक्कामाचं कारण या रकान्यात काय लिहिलंत? सहल? अहो, सरकार सहलीसाठी बंगले बांधतं का? हा अर्ज टोपलीत. पाहणी लिहा, पाहणी."

"मी खोटं लिहीत नसतो," मार्तंडराव ताठ होत म्हणाले.

"तुम्ही धरणाकडे बघणार ना? डोळे मिटून बसणार नाही ना? मग ती पाहणीच."

मार्तंडरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी एक तोड काढली. त्यांनी लिहिलं, 'भौगोलिक पाहणी'. सत्याला धक्का नाही आणि अर्जालाही नाही. तीन प्रती झाल्या. दाखला लागला, मुख्याध्यापकांची सही लागली, सहीखाली शिक्का लागला. शिक्का पुसट उमटला म्हणून अर्ज एकदा परत आला. अखेर दिवाळीच्या तोंडावर मंजुरीचा कागद आला. टंकलेखकाला एवढे मोठे शब्द ठोकण्याचा कंटाळा आला असावा. कागदावर होतं, 'श्री. मा. कोल्हारकर, पाहणीसाठी, सोबत इसम चार.'

"यात 'भौगोलिक' गळलं," मार्तंडराव म्हणाले.

"गळू द्या," दत्तोपंत म्हणाले. "ओझं कमी झालं."

ते वाक्य सामानाला लागू नव्हतं. पहाटे स्टँडवर निघालेल्या कोल्हारकरांकडे दोन वळकट्या, एक ट्रंक, स्टोव्ह, कंदील, फिरकीचा तांब्या, चकल्या-लाडवांचा डबा, जिल्ह्याचा गुंडाळीचा नकाशा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र एवढं होतं. शिवाय नऊ वर्षांची लीना, हेरंब आणि दीड वर्षाची छकुली. छकुली कडेवर, नकाशा बगलेत. छत्री बगलेत धरणाऱ्यांविषयी मार्तंडरावांचं जे मत होतं ते नकाशाला लागू नव्हतं.

श्रीरामपूर, संगमनेर, अकोले अशा गाड्या बदलत ते निघाले. संगमनेरपर्यंत मार्तंडरावांनी मांडीवर नकाशा पसरून मुलांना दख्खनचं पठार कसं बनलं ते सांगितलं. लाव्हा कसा थरावर थर साचत गेला ते सांगत असताना हेरंबाचा चेहरा पिवळा पडला. त्यांनी तो ज्ञानाचा परिणाम समजला. अकोल्याच्या अलीकडच्या वळणांवर हेरंबाने सकाळचे दोन लाडू आणि पाव चकली नकाशावर, नेमकी पाथर्डी तालुक्यावर, परत केली.

"बाबा, तिसगाव गेलं," लीना म्हणाली.

दमयंती खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे हे विचारायची हिंमत मार्तंडरावांना झाली नाही.

गाडी जिथे संपली तिथून आंबेदरा दोन कोस होता. सामानासाठी एक बैलगाडी मिळाली. माणसं मागून चालली. मार्तंडराव दर फर्लांगाला होकायंत्र बघत आणि गाडीवान दर फर्लांगाला त्यांना सांगे, "सायेब, रस्ता येकच हाय." तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी होकायंत्र खिशात टाकलं.

ऊन कलताना धरण दिसलं. डोंगरांच्या मध्ये पसरलेलं अफाट निळं पाणी आणि त्याच्या काठावर लाल कौलांचा बंगला. मार्तंडराव वाटेतच थांबले. अठरा वर्षं जलाशय या शब्दाची व्याख्या लिहून देताना तो एवढा मोठा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांना आठवलं की आपल्याला पोहता येत नाही, आणि ते पाण्यापासून जरा लांबून चालू लागले.

बंगल्याचा चौकीदार सहादेव काळी टोपी सावरत आला. त्याने मंजुरीचा कागद दोन्ही हातांनी घेतला, ओठ हलवत वाचला, 'पाहणी' या शब्दाशी थांबला आणि एकदम दोन पावलं मागे सरून त्याने असा कडक सलाम ठोकला की छकुली दचकून रडू लागली.

"सायेब, पुढची खोली झाडून ठिवलीया. कारभाऱ्यास्नी वर्दी देतो."

"अहो, मी शिक्षक आहे," मार्तंडराव म्हणाले. हे त्यांनी म्हटलं होतं हे नोंदवायलाच हवं. पुढे त्यांनी ते पुष्कळ वेळा सांगितलं.

"व्हय सायेब," सहादेव डोळा बारीक करून म्हणाला. "गेल्या साली येक सायेब आल्ते त्ये म्हनले, मी शिकारी हाय. मागून कळलं, तपासनीला आल्ते. आपल्याला काय, आपन कुनाला सांगत न्हाई."

आणि कुणाला सांगत न्हाई म्हणत तो गावभर सांगून आला. तासाभरात बंगल्याच्या आवारात पन्नास माणसं जमली. आंब्याच्या झाडाखाली खुर्ची मांडली गेली. कारभारी कानिफनाथ फेटा बांधून आले. त्यांनी साहेबांच्या जेवणासाठी एक काळी कोंबडी आणली होती. कोल्हारकरांच्या घरात तीन पिढ्यांत अंडंही आलं नव्हतं. मार्तंडराव ते सांगणार तोवर हेरंबाने कोंबडी उचलून पोटाशी धरली आणि तिला खोलीत नेऊन पलंगाखाली बसवलं. "सायबाच्या पोराला आवडली," कानिफनाथ समाधानाने म्हणाले.

मार्तंडराव खुर्चीत बसले. आता खरं सांगायचं तर, याच क्षणी उठून मोठ्या आवाजात खुलासा करता आला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसं त्यांच्यासमोर गप्प उभी होती आणि त्यातलं एकही मागच्या बाकावरून कागदाचं विमान सोडत नव्हतं. हा अनुभव शिक्षकाला सोडवत नाही. मार्तंडरावांनी पायावर पाय टाकला.

"बोला," ते म्हणाले.

गर्दीतून एक वाळकी, ताठ म्हातारी पुढे झाली. तिचं नाव आक्काबाई. "मी पल्याडवाडीची," ती समोरच्या काठाकडे हात करून म्हणाली. "पानी अडिवलं तवा आमची वाडी पल्याड ऱ्हायली. रस्त्यानं यायचं तर डोंगराला वळसा घालून दीस जातुया. येक सरकारी व्हडी हुती, ती कुजली. तिच्यातूनच पोरं साळंला येत्यात. गेल्या आखाडात भागूबाईच्या सुनंला कळा लागल्या, तिला अर्ध्या पान्यात मोकळं व्हावं लागलं. सायेब, आमाला दुसरं काय नगं. येक व्हडी द्या."

"अर्ज केला होता?" मार्तंडराव म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सराईतपणे कसं निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं.

"सात केलं. सायेब येत्यात, म्हनत्यात बघतो. बघून जात्यात."

"बघतो," मार्तंडराव म्हणाले.

लोक हात जोडून पांगले. खोलीत आल्यावर दमयंतीने स्टोव्हला पिन मारता मारता विचारलं, "काय बघणार आहात?"

"असं म्हणावं लागतं. त्यांना बरं वाटतं."

"त्यांना, की तुम्हाला?" दमयंती म्हणाली आणि तिने पिन इतकी जोरात मारली की ती मोडली. त्या संध्याकाळी सरकारी बंगल्यात साहेबांच्या कुटुंबाने चकल्या खाल्ल्या.

सकाळी कानिफनाथ आणि आक्काबाई पुन्हा दारात हजर. साहेबांनी होडीत बसून पलीकडे यावं आणि होडी स्वतः बघावी, असा आग्रह. मार्तंडरावांनी पाण्याकडे पाहिलं, बोट ओलं करून हवेत धरलं आणि वारा प्रतिकूल असल्याचं सांगितलं. हवेत पान हलत नव्हतं. आक्काबाई त्यांच्याकडे बघत राहिली. असली नजर मार्तंडराव रोज वर्गात वापरत. ती आपल्यावर रोखली गेली की कशी लागते हे त्यांना तेव्हा कळलं.

सुटका करायला देव धावून येतो तशी एक जीप धुरळा उडवत आवारात शिरली. मार्तंडरावांना आधी सुटकाच वाटली. जीपमधून पाटबंधारे खात्याचे खरे साहेब उतरले. पाठोपाठ त्यांच्या पत्नी, दोन गुबगुबीत मुलं, सासूबाई, बर्फाची पेटी, सतरंजी, बॅडमिंटनची जाळी, चार रॅकेटी आणि एक पांढरं कुत्रं उतरलं. पलंगाखालची कोंबडी दारात आली, तिने कुत्रं पाहिलं आणि ती थेट सासूबाईंच्या अंगावर उडाली.

सुरुवात अशी झाल्यावर पुढचं संभाषण मैत्रीचं होणं शक्यच नव्हतं.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोल्हारकर. माझ्याकडे मंजुरी आहे."

साहेबांनी कागद वाचला. "पाहणी? कुठलं खातं?"

"भूगोल," मार्तंडराव म्हणाले.

साहेबांच्या पत्नी हसल्या. साहेब हसले नाहीत. जमलेल्या लोकांसमोर त्यांनी सांगितलं की हा मास्तर आहे, अधिकारी नाही. सरकारी कामाचं खोटं कारण दाखवून बंगला बळकावणं हा गुन्हा आहे. आपण मनात आणलं तर याला तोतयेगिरीखाली आत घालू शकतो. निदान याच्या हेडमास्तरांना पत्र तर जाणारच. ताबडतोब खोली खाली करावी.

 मार्तंडरावांच्या डोळ्यांपुढे नोकरी तरळून गेली. त्यापेक्षाही, आंब्याखाली उभ्या असलेल्या लोकांकडे बघणं त्यांना जमेना. कानिफनाथांनी फेटा काढून हातात घेतला होता, जणू उगाच बांधला म्हणून.

तेवढ्यात दमयंती दारात आली. छकुली तिच्या कडेवर होती. तिने साहेबांकडे, मग जीपकडे, मग रॅकेटींकडे पाहिलं.

"तुम्हीही पाहणीलाच आलात ना?" तिने शांतपणे विचारलं. "तुमची ती जाळी कुठे बांधणार, धरणाच्या भिंतीला?"

साहेबांचे कान लाल झाले. पोलिसांची भाषा तिथेच थांबली. पण खोली गेलीच. वळकट्या, ट्रंक आणि स्टोव्ह सहादेवच्या खोपटासमोर येऊन पडले. मार्तंडराव वळकटीवर बसले. साहेबांनी तेवढ्यात बंगल्याच्या शेरेबुकात त्या दिवसाची नोंद केली, 'तातडीची पाहणी', आणि सहादेवला जाळी बांधायला लावलं.

आक्काबाई जाळीपाशी गेली. तिने आठव्यांदा सगळं सांगितलं. साहेब बॅडमिंटनचं फूल हातात धरून म्हणाले, "लेखी द्या. बघतो." आणि त्यांनी ते फूल सासूबाईंकडे उडवलं. सासूबाईंनी ते परतवलं, आणि तेही बऱ्यापैकी.

आक्काबाई मागे वळली ती सरळ वळकटीपाशी आली. मार्तंडरावांनी मान खाली घातली. आता ही काय बोलेल ते बोलेल, ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पण ती त्यांच्याशी बोललीच नाही.

"बाई," ती दमयंतीला म्हणाली, "तुमची पोरं हितं उन्हात कुठं बसत्यात? चला आमच्या वाडीला. भाकर हाय, दूध हाय."

"चला," दमयंती लगेच म्हणाली.

"त्या होडीतून?" मार्तंडराव ओरडले. "अगं, ती कुजली आहे. ते ऐकलंस ना तू?"

"त्यांची मुलं रोज येतात त्यातून. तुम्ही बसा इथे. निसर्गाच्या सान्निध्यात."

लीना आणि हेरंब तोवर धावत काठावर पोचलेही होते. हेरंबाच्या बगलेत कोंबडी होती. काठाला ती होडी लागलेली होती आणि तिच्यात आक्काबाईने सांगितली ती भागूबाई, एक दणकट बाई, कासोटा घालून वल्हं धरून उभी होती. दमयंती चढली. मुलं चढली. भागूबाईने वल्ह्याने काठ रेटला.

मार्तंडराव उठले. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे नीट सांगणं अवघड आहे. भीती होतीच. पण आपली बायको आणि तीन मुलं फुटक्या लाकडावर बसून त्या निळ्या पाण्यात निघाली आहेत आणि आपण वळकटीवर बसून आहोत, हे दृश्य सासूबाई खेळ थांबवून बघत आहेत, हेही होतं. ते धावले. धोतर भिजवत गुडघाभर पाण्यात शिरले आणि होडीच्या कडेला लोंबकळले. भागूबाईने त्यांना मानेला धरून मांजराच्या पिल्लासारखं आत घेतलं.

"गुर्जी, बसा गप. आन् ह्ये घ्या," ती म्हणाली आणि तिने दमयंतीजवळचा फिरकीचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "पानी उपसा. थांबू नगा."

होडीच्या तळातून पाणी येत होतं. एका भोकात चिंधी कोंबली होती, दुसऱ्यात मेण होतं, तिसऱ्यात काहीच नव्हतं. मार्तंडराव उपसू लागले. मध्यावर गेल्यावर दोन्ही काठ सारखेच लांब दिसू लागले. घोट्याला थंडगार पाणी लागत होतं. त्यांनी एकदा हात थांबवला तर ते नडगीपर्यंत चढलं. छकुली आईच्या कुशीत टाळ्या वाजवत होती. लीना मात्र पांढरीफटक पडली होती.

"बाबा, इथे किती खोल आहे?"

जगातल्या सगळ्या महासागरांची खोली मार्तंडरावांना पाठ होती. "माहीत नाही," ते म्हणाले आणि उपसत राहिले.

"पोरं रोज दोन येळा जात्यात," भागूबाई वल्हं मारत म्हणाली. "सात पोरं. मोठी पोरं उपसत्यात, बारकी रडत्यात. माझ्या सुनंला हितंच कळा सुटल्या. येका हातानं वल्हं, येका हातानं तिला धरलं." आणि मग हसून म्हणाली, "नात हाय आता चार महिन्यांची. तिला पान्याची भ्या न्हाई."

पलीकडे उतरल्यावर मार्तंडरावांनी धोतर पिळलं. ते काठावर बसून राहिले. दमयंतीला भागूबाईच्या ओसरीवर कोणीतरी घोंगडी टाकून दिली आणि हातात गुळाचा चहा आणून दिला. तिने तो सावकाश, दोन्ही पाय पसरून प्यायला. तिच्या चेहऱ्यावरचं ते सुख मार्तंडरावांनी दुरून पाहिलं आणि त्यांना काहीतरी उमगल्यासारखं झालं. पण त्यांचे दात वाजत असल्यामुळे त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

पल्याडवाडीत त्या दिवशी मुलांनी जे केलं ते मार्तंडरावांच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हतं. हेरंब म्हशीवर बसला. लीनाने वाडीतल्या मुलींना लाव्ह्याचे थर समजावले आणि त्यांनी तिला खेकडे धरायला शिकवलं. मार्तंडराव मात्र ट्रंकेतली फूटपट्टी जवळ नसल्याची हळहळ करत होडीपाशी वाकून बसले होते. त्यांनी वितीने होडी मोजली. भोकं मोजली. भागूबाईकडून दोरीला गाठी मारून दगड बांधून घेतला आणि परत जाताना ठिकठिकाणी खोली मोजायला सांगितली.

दुसऱ्या सकाळी परतीच्या वाटेवर त्यांनी दोरीच्या गाठी मोजल्या, तांब्याने पाणी उपसलं आणि एकदाही डोळे मिटले नाहीत. काठावर उतरून ते भिजल्या धोतराने तडक बंगल्यात गेले. साहेब सहकुटुंब ऑम्लेट खात होते.

"सहादेव, शेरेबुक आण," मार्तंडराव म्हणाले.

"त्यात फक्त अधिकाऱ्यांनी लिहायचं असतं," साहेब म्हणाले.

"मुक्काम करणाऱ्यानं लिहायचं आसतं, सायेब. तसं छापलंय," सहादेव म्हणाला. त्याने वही आणली आणि स्वतःच्या सदऱ्याने टेबलावरचा रस्सा पुसून ती उघडली.

मार्तंडरावांनी फळ्यावरच्या अक्षरात पाऊण पान लिहिलं. होडीची लांबी किती विती, तळाला भोकं तीन, त्यांचे आकार, पाण्याची खोली मध्यावर दोरीच्या अकरा गाठी आणि तरीही तळ लागला नाही, एका खेपेत उपसावे लागलेले तांबे दोनशे चौदा, रोज जाणारी मुलं सात. ही होडी एक दिवसही चालू ठेवणं म्हणजे मुलं बुडवणं. नवी होडी तातडीने द्यावी. खाली सही केली आणि पुढे लिहिलं, भूगोल शिक्षक. त्या शब्दाखाली रेघ ओढली.

साहेबांनी वही ओढून घेतली, वाचली आणि ते हसले. "याला कोण विचारतो?"

सहादेव दाराशी छताकडे बघत उभा होता. "न्हाई, वही दर सालाला वर जाती," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला. "येकाच मुक्कामाच्या दोन पाहन्या. येकीत व्हडीला तीन भोकं, आन् वरच्या तातडीच्या पाहनीत व्हडीच न्हाई. वरचं सायेब इचारतील, मग तातडी कशाची हुती? मी म्हनंन, मला काय ठावं. जाळी मीच बांधली हुती, पर मला काय ठावं."

 साहेबांच्या सासूबाई ऑम्लेटचा तुकडा काट्यावर तसाच धरून म्हणाल्या, "लिहून टाका ना हो. काल मी बघत होते. सगळे बुडाले असते, त्या कोंबडीसकट."

साहेबांनी पेन काढलं. मार्तंडरावांच्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं, 'सहमत. कार्यवाही व्हावी.' अक्षर इतकं वाईट होतं की शाळेत मार्तंडरावांनी ते शंभर वेळा गिरवायला लावलं असतं.  त्यांनी शाई वाळेपर्यंत वही सोडली नाही.

साहेबांनी दुसरंही पत्र लिहिलंच. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतं. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ती मार्तंडरावांना मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती छगन सरांना मिळाली. मार्तंडरावांना सक्त ताकीद मिळाली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला तेव्हा ते म्हणाले, "पाहणीला गेलो होतो. पाहणी केली. तपशील बंगल्याच्या वहीत आहे." आणि चहा बशीत न ओतता पिऊन बाहेर पडले. छगन सरांनी त्यांना पर्यवेक्षकाची खुर्ची दाखवून सूर्यास्ताची आठवण करून दिली. त्यांना तुच्छतेने उत्तर द्यायचं मार्तंडरावांच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढा वेळ वाया घालवावा असं त्यांना वाटलं नाही.

जानेवारीत एक पोस्टकार्ड आलं. पल्याडवाडीच्या चौथीतल्या कुठल्याशा मुलीने आक्काबाईच्या सांगण्यावरून लिहिलेलं. मार्तंडरावांनी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दमयंतीला वाचून दाखवलं.

'गुर्जींना आन् बाईंना आक्काबाईचा नमस्कार. नवी व्हडी आली. हिरवा रंग हाय. पन सायबानं तिला साखळी लावून कुलूप घातलं. म्हनले, मोठे पाहुणे येऊन फीत कापतील तवा उघडायची, तोवर जुनीच वापरा. पाहुणे महिनाभर आले न्हाईत. काल आक्काबाईनं धोंडा घेतला आन् कुलूप फोडलं. सहादेवमामा म्हनले, वहीत काय लिहू? आक्काबाई म्हनली, लिही, फीत न्हवती म्हनून धोंडा वापरला. आता व्हडी रोज जाती. कुनी उपसत न्हाई.'